शाईचं चित्र: आधी रेघ कुठून निघाली ते पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या रविवार पुरवणीत जपानी पद्धतीच्या एका अमूर्त शाईचित्राचं छायाचित्र अर्ध्या पानावर आलं होतं. खाली ओळ होती, 'कुणाला यात झेपावणारा पक्षी दिसेल, कुणाला खवळलेला समुद्र. अर्थ ज्याचा त्याने लावावा.' मराठी वर्तमानपत्राने अशा चित्राला एवढी जागा दिली याचा आनंद आहेच. पण ते चित्र उलटं छापलं गेलं होतं.

हे कशावरून? चौकोनी लाल मुद्रा, म्हणजे चित्रकाराच्या नावाचा शिक्का, छापील चित्रात वर उजव्या कोपऱ्यात होती. या परंपरेत नावाची मुद्रा बहुधा डावीकडे, खालच्या अंगाला येते. वर उजवीकडेही मुद्रा असते, नाही असं नाही. पण ती आरंभमुद्रा, लेखनाची सुरुवात दाखवणारी. ती सहसा लांबट किंवा अंडाकृती असते आणि तिच्या जोडीला नावाची मुद्रा खाली असतेच. शिवाय फटकारे पाहा. छापलेल्या चित्रात पाचही रेषा उजवीकडून खालून ओल्या निघाल्या होत्या आणि डावीकडे वर जाता जाता कोरड्या पडल्या होत्या. जमिनीवर कागद पसरून उजव्या हाताने लिहिणारा माणूस अशी एखादी रेघ ओढेल, पाचच्या पाच ओढणार नाही. पान फिरवून धरलं की सगळं जागच्या जागी येतं. पक्षी शोधणाऱ्याला हे कळायचं कारण नाही. पक्षी उलटा धरला तरी पक्षीच दिसतो.

'काय दिसतं?' हा प्रश्न आपल्याकडे शाईच्या डागांबरोबर आला असावा. हेरमान रोरशाख या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1921 साली दहा डागांचा संच प्रसिद्ध केला आणि बघणाऱ्याला काय दिसतं यावरून त्याच्या मनाचा ठाव घेण्याची रीत सुरू केली. ते डाग घडी घातलेल्या कागदासारखे, दोन्ही अंगांनी सारखे असतात. त्यात हात कुठून कुठे गेला हे दिसत नाही, दिसू नये अशीच योजना आहे. म्हणून तिथे पक्षी किंवा वटवाघूळ दिसणं हेच उत्तर. शाईचं अक्षरचित्र याच्या अगदी उलट टोकाला. त्यात हात कुठे टेकला, किती दाबला, किती वेळ थांबला, कधी उचलला हे सगळं कागदावर जसंच्या तसं उरतं. ते आधी वाचायचं. या वाचनाला चूक आणि बरोबर अशी उत्तरं असतात. 'ज्याचा त्याने' ही सवलत त्यानंतरची.

हे कौशल्य परकं नाही. बँकेत सही पडताळणारा जुना कारकून सहीचा आकार जुळतो का एवढंच पाहत नाही. खोटी सही आकाराने बहुतेक वेळा बरोबरच असते. ती पकडली जाते ती रेघेच्या संथपणाने, एकसारख्या दाबाने, बारीक थरथरीने आणि नको तिथे उचललेल्या पेनाने. चीनमध्ये थांग राजवटीच्या काळात (सातवं ते दहावं शतक) जुन्या हस्ताक्षरांच्या नकला करताना आधी अक्षराची बाह्यरेषा बारीक काढून घेत आणि मग आत शाई भरत. वांग शीझी या चौथ्या शतकातल्या थोर सुलेखनकाराच्या हातचं मूळ अक्षर आज कुठेही नाही, ज्या उत्तम प्रती आहेत त्या अशाच भरलेल्या. कोरड्या ब्रशने उठलेल्या पांढऱ्या चिरा नकलकाराला एकेक केसासारख्या रेघा ओढून रंगवाव्या लागल्या. भिंगातून पाहिलं की त्या चिरा चितारलेल्या आहेत हे कळतं. चिरांचं चित्र आणि खरी चीर यांतला फरक ओळखता आला की अमूर्त शाईचित्र वाचायची निम्मी तयारी झाली.

बाकीची निम्मी सामानात आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

ही शाई म्हणजे काजळी आणि सरस. आपल्या पोथ्यांची शाई काजळ आणि बाभळीचा डिंक यांची, तिकडे डिंकाऐवजी जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस. तो काजळीत मळून कांड्या करतात, वाळवतात आणि वर्षानुवर्षं मुरू देतात. जपानात हे काम मुख्यतः नारा शहरात चालतं. कांडी दगडावर उगाळायची, चंदन सहाणेवर उगाळतो तशीच, फक्त या सहाणेला एका टोकाला शाई साठायला खळगा असतो. चमचाभर पाण्याला पंधरा-वीस मिनिटं धरून चाला. जोर देऊन घाईने उगाळली की कण जाडे राहतात आणि काळा रंग मातकट पडतो. तेलाच्या दिव्याची काजळी ऊबदार, किंचित तपकिरी काळी उतरते. पाइनच्या लाकडाची पातळ केली की निळसर दिसते. अमूर्त चित्रात रंग नाही असं म्हणताना हे दोन काळे वेगळे आहेत हे विसरलं जातं. चित्रकाराने मात्र कांडी निवडून घेतलेली असते.

उगाळलेली शाई रात्रभर ठेवली की शिळी होते. सरस कुजू लागतो, वास येतो, काजळीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. शाळेतल्या मुलाला ती फेकून दे म्हणतील, पण कित्येक चित्रकार मुद्दाम शिळीच वापरतात. कारण ती कागदावर टेकली की गाभा गडद, धारदार राहतो आणि पाणी सगळ्यात बारीक कण घेऊन पुढे सरकतं, त्याची भोवती फिकट करडी प्रभावळ होते. गाभ्याच्या कडेवरून ब्रश कुठून गेला ते कळतं आणि प्रभावळीच्या रुंदीवरून तो तिथे किती रेंगाळला ते. एकाच फटकाऱ्यात प्रभावळ एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला नावालाही नाही, तर हात थांबून निघाला आणि वेगाने सुटला. हे वातावरण किंवा धुकं नव्हे. घड्याळ आहे.

कागदाचाही यात मोठा वाटा. चीनच्या आनह्वी प्रांतातल्या जिंग परगण्यातला शुआन कागद चिंगथान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून होतो. आपल्याकडे दुकानात तो किंवा त्याचा भाऊबंद 'राइस पेपर' म्हणून मिळतो, त्यावरून तांदळाचा कागद समजू नये. तो कच्चा असेल तर शाई फुटते. तुरटी-सरसाचा हात दिलेला असेल तर फुटत नाही, वर बसून राहते. अमूर्त काम बहुतेक कच्च्या कागदावर होतं. त्यावर एकदा टेकलेला ब्रश परत घेता येत नाही, खोडरबर नाही, वरून पांढरा रंग नाही. म्हणून दुरुस्तीचा प्रयत्न लगेच उघडा पडतो. कोरड्या पडलेल्या रेघेवरून दुसऱ्यांदा फिरवलेला ब्रश मूळ चिरा बुजवतो आणि तिथला काळा मेल्यासारखा सपाट दिसतो. अशी डागडुजी केलेली रेघ या कलेच्या जाणकारांत नापास होते. कठोर वाटेल, पण नियम तेवढा साधा आहे.

आता वाचन. पहिला प्रश्न असा घ्यावा की शाई कुठे घेतली? मोडी कागदपत्रं चाळणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. बोरू दौतीत बुडवला तिथे अक्षर काळंभोर, पुढे दोन-चार शब्दांत फिकं, मग पुन्हा काळं. लिहिणाऱ्याचा श्वास त्या चढउतारात दिसतो. शाईचित्रातही सगळ्यात ओली, फुटलेली जागा शोधली की आरंभ सापडतो. एकच ओली जागा असेल तर सगळं चित्र एका बुडीत झालं. तीन असतील तर हात मध्येच आणखी दोनदा दौतीकडे गेला. मधली फट दिसायला कागदाची आहे, प्रत्यक्षात ती वेळेची आहे.

दुसरा प्रश्न, आधी कोण? दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे नीट पाहावं. तैलरंगात नंतरचा थर वर दिसतो, त्या सवयीने पाहणारा इथे हमखास फसतो. कच्च्या कागदावर पातळ शाईची पहिली रेघ वर असल्यासारखी दिसते आणि नंतरची तिच्याखालून गेल्यासारखी. कारण पहिल्या शाईने तंतूंमधल्या जागा आधीच अडवलेल्या असतात. नंतरच्या शाईला तिथे शिरायला वाव उरत नाही, ती कडेपाशी अडते. ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी घरी करून पाहावं, कृती पुढे देतो.

तिसरी गोष्ट ब्रशचं टोक. टोक रेघेच्या मधोमध चाललं तर दोन्ही कडा सारख्या भरीव येतात. ब्रश आडवा पाडला तर टोकाच्या बाजूची कड धारदार आणि पोटाच्या बाजूची कड फाटकी, दंतुर. सुरुवातीला टोक आधी उलट दिशेला ढकलून मग वळवलं असेल तर आरंभ गोल, मुठीसारखा. सरळ टेकवलं तर सुरीच्या पात्यासारखा. कोरड्या चिरांना चिनी सुलेखनकार फेइबाई म्हणतात, म्हणजे उडतं पांढरं. पण चीर दिसली की 'केवढा वेग!' असं लिहून मोकळं होऊ नये. चिरा तीन कारणांनी येतात. हात वेगाने गेला, शाई संपत आली, किंवा कागद खरबरीत होता. शाई संपली असेल तर चिरा हळूहळू दाटतात. वेग असेल तर ओल्या जागेनंतर त्या अचानक सुरू होतात आणि वळणावर, हात मंदावला की, पुन्हा भरून येतात. कागद खरबरीत असेल तर त्या चित्रभर सारख्या, हाताच्या हालचालीशी त्यांचा काही संबंध नसतो. आपल्याकडच्या परीक्षणांत या तिन्हींना सरसकट 'ऊर्जा' म्हणतात.

मराठी वाचकाला इथे एक खास अडचण येते, ती बोरूमुळे. आपला सुलेखनाचा डोळा बोरूवर आणि कापलेल्या निबावर तयार झालेला आहे. बोरूचं तोंड ठरावीक कोनात तासलेलं असतं, त्यामुळे रेघ जाड की बारीक हे दिशा ठरवते. हात तोच ठेवून दिशा बदलली की जाडी बदलते. ब्रशला असा काप नाही. बकरीच्या केसांचा मऊ ब्रश असेल तर एकाच दिशेत जाताना तो दोऱ्याएवढाही होतो आणि मनगटाएवढाही. जाडी दाबातून येते, म्हणजे खांदा, कोपर, मोठ्या कामात तर कंबर आणि पाय यांतून. म्हणून ब्रशची जाड रेघ पाहून 'वळण सुंदर आहे' असं म्हणणं अर्धवट ठरतं. वळण बोरूच्या अक्षराला. इथे वजन पाहायचं, अंग कधी कागदावर झुकलं आणि कधी मागे सरलं ते. मऊ ब्रश दाबल्यावर आपसूक उभा राहत नाही, त्याला उचलून पुन्हा टोकावर आणावं लागतं. ते जमलं नाही की पुढची रेघ चपटी, पाय घासत चालल्यासारखी पडते. वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या ताठ केसांचा ब्रश लगेच उभा राहतो, पण त्यात शाई कमी मावते आणि चिरा लवकर येतात. मोडीत पानभर शिरोरेषा आधी आखून घेत आणि अक्षरं तिला लटकवत जात, त्यामुळे आपली नजर आपोआप वरची रेघ शोधते. ब्रशच्या अक्षराला अशी खुंटी नाही. त्याचा तोल मधल्या अदृश्य आसावर असतो, आणि अमूर्तात तो आस कागदाच्या चौकटीशी ताणलेला असतो. कडेची पांढरी जागा कापली की तोलच जातो.

हे सगळं जिथे एकत्र दिसतं असा एक नमुना म्हणजे थांग काळातल्या यान झनचिंग या सुलेखनकाराने इ. स. 758 मध्ये लिहिलेला शोकलेखाचा खर्डा. ते चित्र नाही, अमूर्त तर मुळीच नाही, पण शाईने वेळ कशी नोंदवली जाते ते शिकायला याच्याइतकी चांगली वही नाही. आन लूशान या सेनापतीने थांग राजवटीविरुद्ध केलेल्या बंडात यानच्या चुलतभावाचा मुलगा मारला गेला, शिर तेवढं हाती लागलं. त्याच्या श्राद्धासाठी मजकूर लिहिताना केलेला हा कच्चा कागद 23 ओळींचा आणि 234 अक्षरांचा. सुरुवातीची अक्षरं सुटी, नेमस्त. पुढे शाई संपेपर्यंत ब्रश ओढलेला दिसतो, अक्षरं करडी होऊन फाटतात, मग एकदम काळंभोर. खोडलेले शब्द, कडेला घातलेले शब्द. शेवटाकडे अक्षरं एकमेकांत धावू लागतात. चिनी भाषेचं एक अक्षर न कळणारा माणूसही तैपेच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातला हा कागद पाहून लिहिणाऱ्याचा हात कुठे अडखळला ते दाखवू शकतो. त्याने भावना ओळखली असं मी म्हणत नाही, कारण फाटकी रेघ घाईची असते तशी थंडीने गारठलेल्या हाताचीही असते. प्रसंग माहीत झाल्यावर भावना कळते. क्रम मात्र प्रसंगाशिवायही कळतो. परीक्षण लिहिताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरी पुष्कळ.

आता अमूर्ताकडे. जपानात दुसऱ्या महायुद्धानंतर अक्षर सोडायचं की ठेवायचं यावर सुलेखनकारांत खरोखरीची भांडणं झाली. हिदाई नानकोकूने 1945 साली 'वीज' या अक्षराच्या प्राचीन रूपावरून एक रचना केली आणि ते वाचता येईल याची फिकीर केली नाही. तिथून या वाटेची सुरुवात मानतात. 1951 साली उएदा सोक्यूने 'प्रेम' नावाचं काम निट्टेन या सरकारी परंपरेतल्या मोठ्या प्रदर्शनात ठेवलं. कागदावर मात्र 'प्रेम' हे अक्षर नव्हतंच. होतं ते 'वस्तू, दर्जा' अशा अर्थाचं दुसरंच अक्षर, वर एक चौकोन आणि खाली दोन, तेही मोडून पसरलेलं. रांगणाऱ्या नातवावरून ते सुचलं असं सांगतात. गदारोळ झाला, आणि तो समजण्यासारखा होता. नाव एक, अक्षर दुसरं, आकार तिसरंच काही सांगणारा. बघणाऱ्याने कशावर भिस्त ठेवायची? माझं मत असं की रेघेवर. तिन्ही चौकोन कोणत्या क्रमाने, कोणत्या दाबाने आले ते पाहिलं की रांगणं आपोआप येतं. तेही येत नसेल तर नावाने ते आणता येणार नाही.

त्याच वर्षी मोरिता शिर्यू या सुलेखनकाराने 'बोकुबी' हे मासिक काढलं आणि पहिल्याच अंकात फ्रान्झ क्लाइन या अमेरिकी चित्रकाराचं काळंपांढरं काम ठेवलं. पुढच्या जानेवारीत, 1952 मध्ये, क्योतोत मोरिता, इनोउए यूइची आणि आणखी तिघांनी बोकुजिनकाई ही संघटना स्थापली. क्लाइन आणि जपानी सुलेखन यांची सांगड तेव्हापासून जी बसली ती आजही आपल्या लेखांत निघते. दिसायला दोन्ही सारखी आहेत, वाचायला नाहीत. क्लाइन कॅनव्हासवर रंगाऱ्याच्या रुंद ब्रशने तैलरंग लावी आणि पांढराही तितकाच रंगवी. त्याचा पांढरा काळ्यावर चढतो, काळ्याला कापतो. शिवाय त्याची कित्येक चित्रं आधीच्या छोट्या खर्ड्यांवरून मोठी केलेली आहेत. शाईचित्रातला पांढरा म्हणजे न स्पर्शलेला कागद. क्लाइनच्या चित्रासमोर 'एका श्वासात काढलेलं' म्हणणं चूक आणि शाईचित्रासमोर 'पांढऱ्या-काळ्या थरांची गुंफण' म्हणणंही चूक. दोन्ही वाक्यं छापून आलेली पाहिली आहेत.

इनोउए यूइची (1916–1985) पेशाने शाळामास्तर. 1955 च्या सुमाराला त्याने अक्षर सोडून एनॅमल रंगाने निव्वळ फटकाऱ्यांची कामं केली आणि मग परत अक्षराकडे आला. पुढे 'दारिद्र्य' हे एकच अक्षर त्याने पुन्हा पुन्हा लिहिलं. त्यातली दोन-तीन शेजारी ठेवून पाहिली की 'अर्थ ज्याचा त्याने' या वाक्याचा पोकळपणा कळतो. अक्षर तेच, अर्थ तोच, नाव तेच. बदलतं ते फक्त हात कसा गेला हे, आणि पाहायचं तेवढंच. मोरिताने पुढे काळ्या पार्श्वभूमीवर ॲल्युमिनियमची पूड बंधकात कालवून लिहिलं आणि वर पिवळट वार्निश दिलं, त्यामुळे त्याचा 1969 चा 'ड्रॅगनला ड्रॅगन ओळखतो' हा घडीचा पडदा सोनेरी दिसतो. फोटोत तो सोन्याचा वर्ख वाटतो. जवळ जाऊन पाहिलं तर केसांच्या वाटा दिसतात.

आपल्या भागाचा या गोष्टीशी खरा धागा चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या कामात आहे. गोव्याच्या कुटुंबातले, नागपूरला 1924 साली जन्मलेले, जे. जे.तून 1948 साली बाहेर पडलेले गायतोंडे. झेन विचाराची त्यांना ओढ होती आणि आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणत नसत. रोलर आणि सुरीने केलेली त्यांची मोठी तैलचित्रं सगळ्यांना माहीत. 1984 च्या अपघातानंतर मोठी चित्रं थांबली, तेव्हाची कागदावरची छोटी शाईची कामं कमी पाहिली जातात. त्यांत लिपीसारखी चिन्हं आहेत, पण कुठल्याही लिपीतली नाहीत. त्यांना मोडी म्हणून वाचायचा किंवा जपानी म्हणून बाजूला ठेवायचा मोह टाळावा. तिथेही तेच प्रश्न लावता येतात, शाई कुठे घेतली, आधी कोण, टोक कुठे चाललं.

आता कबूल केलेली कृती. काजळीची बाटलीतली शाई 1 चमचा, पाणी 4 चमचे. फाउंटन पेनची शाई घेऊ नका. ती विरघळणाऱ्या रंगाची असते, कण नसतात, पुन्हा ओली झाली की पहिली रेघही उठून दुसरीत मिसळते आणि छेदाच्या जागी नुसता गडद चौकोन मिळतो. कच्चा शुआन किंवा तसाच शोषणारा कागद घ्या आणि खाली जुनी घोंगडी किंवा लोकरीचं कापड अंथरा. थेट टेबलावर ठेवलात तर शाई खाली साठून कागद चिकटतो आणि उचलताना फाटतो. केस 4–5 सेंटिमीटर लांब असलेला मऊ ब्रश भिजवून, निथळून शाईत बुडवा, कडेला एकदा पुसा. एक आडवी रेघ ओढा. दहा-वीस सेकंद थांबा. मग तिला छेदणारी उभी. वाळल्यावर आडवी अखंड दिसेल आणि उभी तिच्याखालून गेल्यासारखी. हेच कार्ट्रिज पेपरवर करा, छेद फक्त गडद होईल, वर-खाली काही कळणार नाही. शाई दाट घेतलीत तरीही कळणार नाही, दोन्ही रेघा काळ्यात काळ्या. म्हणून दाट शाईच्या चित्रात हा प्रश्न विचारून उपयोग नाही, तिथे चिरा आणि ओल्या जागांवर काम भागवावं लागतं.

प्रदर्शनात पाहणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. काम मागून खळ लावून दुसऱ्या कागदावर चढवलेलं आहे का, ते विचारा. न चढवलेला कागद सुरकुतलेला असतो आणि शाई करडी, मरगळलेली दिसते. चढवला की तोच काळा खोल उतरतो. दोन चित्रकारांच्या काळ्याची तुलना करताना एक चढवलेलं आणि दुसरं नुसतं असेल, तर ती तुलना खळीची होते.

आणि आता आपल्या छपाईबद्दल, कारण पत्राचं मूळ तिथेच आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर छपाईच्या ठिपक्यांची जाळी साधारण इंचाला 100 रेघांची असते आणि ठिपका छापताना पसरतो. पन्नास टक्क्यांचा करडा पाऊणशे टक्क्यांच्या आसपास जाऊन बसतो. म्हणजे शाईची प्रभावळ गाभ्यात मिसळून जाते आणि वाचकाच्या हाती येतो तो एक सपाट काळा आकार. मग त्याला पक्षी दिसला तर त्याचा काय दोष? उपाय अवघड नाहीत. करडे भाग छपाईआधी उजळ करून घ्यावेत. चित्र कृष्णधवल असलं तरी चार रंगांत छापावं, नाहीतर निळसर काजळी आणि तपकिरी काजळी एकच होते आणि लाल मुद्रा करडी पडते. अर्ध्या पानाचे दोन भाग करावेत. एका भागात पूर्ण चित्र, चारही कडांच्या पांढऱ्या जागेसह. दुसऱ्यात एका फटकाऱ्याचा आरंभ किंवा दोन रेघांचा छेद, मूळ मापात. खाली लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, वर्ष, शाई उगाळलेली की बाटलीतली, कागद कच्चा की हात दिलेला, चढवलेला की नुसता. एवढी माहिती दोन ओळींत बसते, म्हणजे पक्षी आणि समुद्र जेवढी जागा खातात तेवढ्यातच. आणि छायाचित्र पानावर लावणाऱ्याला मुद्रेची जागा आधी सांगून ठेवावी.

कळावे,
आपला एक वाचक,
पुणे

ता. क. — वरची कृती पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात कराल तर पाणी 4 ऐवजी 2 किंवा 3 चमचे घ्या आणि दोन रेघांमध्ये अर्धा मिनिट तरी थांबा. दमट हवेत कागद आधीच ओलसर असतो, शाई जास्त फुटते आणि पहिली रेघ पक्की व्हायच्या आत दुसरी तिच्यात मिसळते.